जनरेटरवर ट्रेलर: पैसे नेमके कुठे घालायचे

३० अँपचा ट्रेलर जनरेटरवर चालवायला ट्रेलरमधली एकही वायर बदलावी लागत नाही. अमेरिकेत जुना ट्रॅव्हल ट्रेलर विकत घेणाऱ्या मराठी कुटुंबांना ही गोष्ट पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगायला हवी. कॅम्पग्राउंडच्या खांबाला लावायची जाड, तीन पिनांची केबल ट्रेलरच्या बाजूनं बाहेर येते, तीच जनरेटरला लावायची. आतलं ब्रेकरचं पॅनेल, एसी, मायक्रोवेव्ह, भिंतीतले सॉकेट सगळे आहेत तसेच चालतात. तरीही ‘जनरेटरसाठी वायरिंग करून द्या’ असं सांगत लोक वर्कशॉपमध्ये जातात. तिथे बाहेरच्या अंगाला दुसरा इनलेट बसवतात, आत ट्रान्स्फर स्विच घालतात, दोन-चार तासांची मजुरी लावतात. आरव्ही तंत्रज्ञाचा दर ताशी १५० ते २०० डॉलरच्या घरात असतो, त्यामुळे बिल सहज ५०० ते ८०० डॉलरवर जातं. त्या पैशातून मिळतं एवढंच, की केबल एका जागेहून दुसऱ्या जागी लावायचे कष्ट वाचतात.

तोच पैसा दुसरीकडे घातला तर उन्हाळ्यात भारतातून आलेल्या आईबाबांना दुपारी गार हवेत झोपता येईल आणि रात्री कुणाच्या जिवाला धोका राहणार नाही. हा हिशेब २० ते २५ फुटी, ३० अँपच्या, छतावर १३,५०० बीटीयूचा एकच एसी असलेल्या ट्रेलरचा आहे. आपल्या लोकांकडे बहुतेक हाच असतो. मोठ्या नॅशनल पार्कात जनरेटरची गरज हमखास पडते: योसेमिटीच्या एकाही कॅम्पग्राउंडमध्ये विजेची जोडणी नाही आणि यलोस्टोनमध्ये ती फक्त फिशिंग ब्रिजला मिळते.

आधी लोड मोजा, मग दुकानात जा

३० अँप गुणिले १२० व्होल्ट म्हणजे ३,६०० वॉट. यापेक्षा जास्त वीज हा ट्रेलर घेऊच शकत नाही, कारण त्याचा मेन ब्रेकरच ३० अँपचा असतो. म्हणून ७,००० वॉटचा, उघड्या सांगाड्याचा जनरेटर सेलमध्ये स्वस्त मिळाला तरी त्यातले निम्मे वॉट वायाच जातात. २४० व्होल्टच्या चार पिनांच्या सॉकेटमधून ट्रेलरसाठी अ‍ॅडॅप्टर घेतला, की दोन फेजपैकी एकच वापरात येतो. शिवाय तो जनरेटर पार्कात चालवायला बंदी होण्याचीच शक्यता जास्त, त्याबद्दल पुढे.

आत काय काय लोड आहे ते पाहू. एसी चालू असताना १,५०० वॉटच्या आसपास घेतो. मायक्रोवेव्ह जवळपास तितकंच. पाणी तापवायच्या टाकीतलं विजेचं एलिमेंट १,४०० वॉट, हेअर ड्रायर १,५०० ते १,८००, सहा क्वार्टचा इन्स्टंट पॉट १,०००, फ्रिज विजेवर ठेवला तर ३०० ते ४००. बॅटरी चार्ज करणारा कन्व्हर्टर मात्र बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. ५५ अँपचा कन्व्हर्टर आणि रिकामी बॅटरी असेल तर तो एकटाच ८०० ते १,००० वॉट ओढतो. तो भिंतीत दडलेला असतो आणि त्याला बटण नसतं.

१,८०० वॉट सलग देणारा जनरेटर घेतला (त्याच्या खोक्यावर ठळक अक्षरात २,२०० लिहिलेलं असतं, पण ती क्षणभराची ताकद असते), तर त्यावर एसी चालतो. अट एकच: फ्रिज आणि पाण्याची टाकी गॅसवर ठेवायची आणि पॅनेलमधला कन्व्हर्टरचा ब्रेकर तेवढ्यापुरता पाडायचा. भात लावायचा असेल तर पंधरा-वीस मिनिटं एसी बंद करावा लागेल. एवढी शिस्त घरात सगळ्यांना जमणार असेल तर मोठ्या जनरेटरची गरज नाही. २५-३० डॉलरचं प्लगमध्ये लावायचं वॉटमीटर मिळतं. ते घेऊन एक संध्याकाळ स्वतःच्या वस्तू मोजा.

आपल्या स्वयंपाकघराबद्दल एक गोष्ट खास सांगायला हवी. पुण्याहून आणलेला २३० व्होल्टचा मिक्सर इथल्या १२० व्होल्टवर नीट चालत नाही, आणि त्यासाठी व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर जनरेटरवर लावण्यात शहाणपणा नाही. भारतीय कंपन्यांचे ११० व्होल्टचे मिक्सर अमेरिकेत मिळतात आणि ते ५५० वॉटच्या आसपास असतात. जनरेटरला ते जड जात नाहीत. तिकडची २३० व्होल्टची किटली इथे लावली तर ती चौथ्या हिश्श्यानंच तापते, चहाला बराच वेळ वाट पाहावी लागते. ती भारतातच ठेवावी.

एसी सुरू होण्याचा एक क्षण

एसी चालू राहायला जेवढा करंट लागतो त्याच्या चौपट-पाचपट करंट त्याचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर ओढतो. छोट्या जनरेटरचं तिथेच अडतं. पंखा फिरतो, कॉम्प्रेसर ‘घुं’ करतो, जनरेटरवर लाल दिवा लागतो आणि वीज जाते. यावर दुकानदार मोठा जनरेटर सुचवतो. माझं मत वेगळं आहे: एसीत सॉफ्ट स्टार्टर बसवा.

सॉफ्ट स्टार्टर ही मुठीत मावणारी डबी कॉम्प्रेसरला एकदम धक्का न देता हळूहळू गती देते. सुरुवातीचा झटका निम्म्याहून अधिक खाली येतो. मायक्रो-एअरचा ईझीस्टार्ट किंवा सॉफ्टस्टार्टआरव्ही, दोन्ही साधारण ३०० डॉलरला पडतात. बसवायचं काम छतावरचं, दीड-दोन तासांचं, मजुरी २०० ते ३०० डॉलर. हाताला सवय असेल तर स्वतः करता येतं, चारच वायरी असतात. पण एसीतला कपॅसिटर वीज बंद केल्यावरही चार्ज धरून ठेवतो. तो रिकामा कसा करायचा हे ज्याला ठाऊक नाही त्यानं छतावर चढू नये, मजुरी द्यावी. तुमच्या ट्रेलरवर नवा, इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा एसी असेल तर हा खर्च करूच नका, त्याला झटका नसतोच.

आता जनरेटर. होंडाचा ईयू२२००आय १,१०० ते १,३०० डॉलरच्या आसपास असतो. त्याच ताकदीचे इतर कंपन्यांचे इन्व्हर्टर जनरेटर ५०० ते ७५० डॉलरमध्ये मिळतात. होंडा वर्षानुवर्षं चालतो आणि त्याचे सुटे भाग गावोगाव मिळतात, म्हणून दरवर्षी महिनाभर बाहेर राहणाऱ्यानं तोच घ्यावा. वर्षातून दोन लाँग वीकेंडच बाहेर पडत असाल तर स्वस्तातला पुरे. उरलेल्या पैशात सॉफ्ट स्टार्टर येतो.

३,५०० वॉटचा इन्व्हर्टर जनरेटर सॉफ्ट स्टार्टरशिवाय हाच एसी सुरू करतो. त्याची किंमत ९०० ते १,००० डॉलरपासून सुरू होते, म्हणजे कागदावर तोच स्वस्त दिसतो. पण त्याचं वजन ४५ किलोच्या आसपास असतं आणि होंडाचं २१ किलो. ट्रकच्या मागच्या भागातून दर मुक्कामी एकट्यानं उतरवून पुन्हा चढवायचा आहे, हे विसरू नका. पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही मी तो घ्यायला सांगणार नाही. याला अपवाद उंचीवर जाणाऱ्यांचा.

दर हजार फूट उंचीला इंजिनाची ताकद साधारण साडेतीन टक्क्यांनी घटते. डेन्व्हरच्या ५,२८० फुटांवर १,८०० वॉटचे जेमतेम १,४७० उरतात, म्हणजे एसी काठावर येतो. यलोस्टोनच्या आठ हजार फुटांवर १,३०० उरतात आणि एसी चालत नाही. तिथल्या रात्री जुलैतही गार असतात, एसी लागतच नाही. पण कोलोरॅडो, न्यू मेक्सिको किंवा उत्तर अ‍ॅरिझोनाच्या उंच पठारावर भर दुपारी एसी हवा असेल, तर ३,५०० वॉटचाच घ्यावा लागेल.

वीस डॉलरचा प्लग, ज्याबद्दल कुणी बोलत नाही

इथे मला घाई करायची नाही, कारण इथली चूक जिवावर बेतते.

घरातल्या मेन पॅनेलमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंगची तार एका ठिकाणी एकमेकींना जोडलेली असते. कॅम्पग्राउंडमध्ये ही जोडणी त्यांच्या विजेच्या मुख्य यंत्रणेत असते. ट्रेलरच्या पॅनेलमध्ये मात्र या दोन तारा मुद्दाम वेगळ्या ठेवलेल्या असतात, नियमच तसा आहे. संपूर्ण यंत्रणेत ही जोडणी एकाच ठिकाणी हवी. आता ट्रेलर खांबावरून काढून छोट्या इन्व्हर्टर जनरेटरवर लावला, तर ती कुठेच उरत नाही, कारण बहुतेक इन्व्हर्टर जनरेटरच्या आतही न्यूट्रल मोकळी सोडलेली असते. अशा वेळी एखादी फेजची तार खरचटून ट्रेलरच्या पत्र्याला लागली तर करंट परत जायला वाट नसते. ब्रेकर ट्रिप होत नाही आणि बिघाड गुपचूप तसाच राहतो. त्यावर दुसरा बिघाड झाला की माणसाला शॉक बसतो.

तुमच्याकडे प्रोग्रेसिव्ह इंडस्ट्रीज किंवा ह्यूजसारख्या कंपनीचं संरक्षक यंत्र असेल, तर अर्थिंग तुटल्याचा इशारा देऊन ते ट्रेलरला वीजच देणार नाही. असं झालं की लोकांना यंत्र बिघडलं वाटतं आणि ते बाजूला काढून ठेवतात. यंत्र अगदी बरोबर सांगत असतं.

उपाय १५ ते ३० डॉलरचा. न्यूट्रल बाँडिंग प्लग या नावानं एक साधा तीन पिनांचा प्लग मिळतो, ज्यात न्यूट्रल आणि अर्थची पिन आतून जोडलेली असते. तो जनरेटरच्या दुसऱ्या, रिकाम्या सॉकेटमध्ये घालायचा. दोन जनरेटर समांतर जोडलेले असतील तर एकातच घालायचा. घरच्या किंवा कॅम्पग्राउंडच्या सॉकेटमध्ये तो कधीही घालू नये. म्हणून त्याला लाल रंग द्या आणि जनरेटरच्या हँडललाच दोरीनं बांधून टाका.

हा प्लग घेण्याआधी एक तपासणी करा. जनरेटर बंद ठेवून मल्टीमीटरनं त्याच्या सॉकेटमधली न्यूट्रल आणि अर्थ यांची कंटिन्युइटी बघा. मीटर वाजलं तर जोडणी आतच आहे, मग प्लग लागत नाही. बांधकामावर वापरायचे बरेच उघडे जनरेटर असे असतात. त्यांत हा प्लग घातला तर त्यांचं जीएफसीआय (करंटची गळती दिसताच वीज तोडणारं) सॉकेट ट्रिप होत राहील.

एखादा मेकॅनिक ट्रेलरच्या पॅनेलमध्येच दोन्ही पट्ट्या जोडून देतो म्हणाला तर त्याला नको म्हणा. जनरेटरवर ते चालेल, पण पुढच्या मुक्कामी ट्रेलर खांबाला लावला की न्यूट्रलचा करंट ट्रेलरच्या सांगाड्यातून वाहू लागेल. मग ओल्या गवतावर उभं राहून दार धरणाऱ्या पोराला शॉक बसू शकतो. जमिनीत ठोकायचा तांब्याचा रॉडही विकत घेऊ नका. केबल-प्लगनं जोडलेल्या अशा छोट्या जनरेटरला अमेरिकेच्या विद्युत संहितेत तो लागत नाही, आणि न्यूट्रल-अर्थ जोडणीचं काम तर तो मुळीच करत नाही.

केबल आणि धूर

ट्रेलरचा ३० अँपचा प्लग जनरेटरच्या साध्या सॉकेटला लावायचा अ‍ॅडॅप्टर १५ ते ३० डॉलर. त्याला इथे ‘डॉगबोन’ म्हणतात. जनरेटरवर ३० अँपचं वळवून अडकवायचं सॉकेट असेल तर त्याचा वेगळा अ‍ॅडॅप्टर लागतो, किंमत थोडी जास्त. एक्स्टेन्शन मात्र १० गेजचीच घ्या, २५ फुटांची ५० ते ८० डॉलरला येते. बागेत वापरायची १६ गेजची ५० फुटी वायर लावली तर एसीच्या लोडवर त्या वायरीतच पाच-सहा व्होल्ट खर्च होतात. वायर तापते, कॉम्प्रेसरला कमी व्होल्टेज मिळतं आणि तो लवकर मरतो. १०४ व्होल्टच्या खाली गेलं की प्रोग्रेसिव्हचं यंत्र पुरवठा तोडतं, ते याचसाठी. त्या यंत्राची किंमत २०० ते ३०० डॉलर. जुन्या कॅम्पग्राउंडांतही मुक्काम करणार असाल तर मी ते जरूर घ्यायला सांगेन.

लांब केबल घेण्याचं खरं कारण धूर. जनरेटर ट्रेलरपासून किमान २० फूट लांब असला पाहिजे, धुराचं तोंड ट्रेलरच्या उलट दिशेला आणि वारा ट्रेलरकडून जनरेटरकडे. ट्रेलरची स्वतःची केबल २५-३० फूट असते, पण ती जिथून निघते तिथून खिडकी किती लांब आहे ते मोजा. ऑनिंगखाली, सरकत्या भिंतीच्या आडोशाला किंवा पावसापासून वाचवायला ट्रेलरच्या पोटाखाली जनरेटर ठेवणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइड घरात बोलावणं आहे. त्याला वास नसतो, रंग नसतो, आधी डोकं दुखतं आणि मग झोप येते. सगळेच झोपलेले असताना जनरेटर चालू ठेवायचा नाही. दुपारच्या झोपेत एसी हवा असेल तर एक मोठं माणूस जागं आणि बाहेर पाहिजे.

ट्रेलरमधल्या कार्बन मोनॉक्साइड अलार्मचं आयुष्य ठरलेलं असतं, मॉडेलनुसार पाच, सात किंवा दहा वर्षं. तारीख मागच्या बाजूला छापलेली असते. जुना ट्रेलर घेतलात तर ती बघा, आणि मुदत उलटून गेली असेल तर ५० ते ९० डॉलर घालून त्याच आठवड्यात बदला. बाँडिंग प्लग सोडला तर या लेखातला कुठलाही दुसरा खर्च पुढे ढकलला तरी चालेल, हा नाही.

पार्कातले तास आणि बॅटरी

नॅशनल पार्कच्या नियमानुसार ५० फुटांवर ६० डेसिबलपेक्षा जास्त आवाज चालत नाही. बहुतेक उघडे जनरेटर इथेच बाद होतात. शिवाय वेळा ठरलेल्या असतात. योसेमिटीत सकाळी ७ ते ९, दुपारी १२ ते २ आणि संध्याकाळी ५ ते ७. यलोस्टोनमध्ये जिथे परवानगी आहे तिथे सकाळी ८ ते रात्री ८. दुपारभर एसी चालवायचा बेत योसेमिटीत मुळातच बसत नाही, त्यामुळे तिथे जनरेटरचं काम बॅटरी भरणं एवढंच.

आणि जुनी लेड-अ‍ॅसिड बॅटरी दोन तासांत भरत नाही. पहिला भाग ती भराभर घेते, मग हात आखडते, शेवटच्या वीस टक्क्यांना कित्येक तास लागतात. १०० अँप-तासाची लिथियम बॅटरी आता २५० ते ४०० डॉलरला मिळते, आणि तिला पूरक कन्व्हर्टर २०० ते ३०० ला. ५५ अँपच्या कन्व्हर्टरनं ती दोन तासांत जवळजवळ पूर्ण भरते. ज्यांची सहल मुख्यतः पार्कातली आहे त्यांनी जनरेटर लहान घ्यावा आणि हे पैसे इथे घालावेत. घरात कुणी रात्री सीपॅप (श्वासाला मदत करणारं यंत्र) लावून झोपत असेल तर हा खर्च टाळण्यासारखा नाही. रात्री जनरेटर बंदच राहणार. सीपॅपला १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर मिळतो, तो थेट बॅटरीवर चालवा आणि आर्द्रतेचा हीटर बंद ठेवा, म्हणजे सकाळपर्यंत निभतं.

बेरीज

होंडा १,२००, सॉफ्ट स्टार्टर ३००, अ‍ॅडॅप्टर २०, केबल ६०, बाँडिंग प्लग २०, वॉटमीटर ३०, कार्बन मोनॉक्साइड अलार्म ७०, आणि साखळी-कुलूप व पेट्रोलचा कॅन मिळून ८०. झाले १,७८०. छतावरचं काम दुसऱ्याकडून करून घेतलं तर २,०००च्या थोडं वर. स्वस्तातला जनरेटर घेतला तर सुमारे १,२००. संरक्षक यंत्र आणि लिथियम यात धरलेलं नाही.

कायमचा बसवलेला ओनानचा जनरेटर, ट्रान्स्फर स्विच, इंधनाची टाकी आणि मजुरी धरली तर खर्च हजारोंवर जातो. वर्षातले सहा महिने वाळवंटात काढणाऱ्या निवृत्त जोडप्याला तो परवडेल. शाळेत जाणारी मुलं असलेल्या घराला त्याचा उपयोग नाही.

चालवायचा खर्च फार नाही. होंडाची टाकी ०.९५ गॅलनची, पूर्ण लोडवर ३.२ तास चालते. एसीचे सहा तास म्हणजे दोन गॅलनच्या आत, सात-आठ डॉलर. पहिलं ऑइल २० तासांनी बदलायचं, नंतर दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. ऑइल अर्धा लिटरही लागत नाही. टाकीत पेट्रोल भरताना इंजिन बंद करून गार होऊ द्या, गरम इंजिनावर चार थेंब सांडले तरी भडका उडू शकतो. नॅशनल फॉरेस्टमध्ये जाणार असाल तर जनरेटरला स्पार्क अरेस्टर आहे का ते खरेदीच्या वेळीच विचारा, तो तिथे सक्तीचा आहे. कॅलिफोर्नियातल्या वाचकांनी खोक्यावर त्या राज्याच्या हवा मंडळाची मान्यता बघावी, नाहीतर शेजारच्या राज्यातल्या किमती पाहून मन खट्टू होईल आणि ते मॉडेल कॅलिफोर्नियात मिळणारच नाही.

सीझन संपला की इंधनाची कळ बंद करून कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालू ठेवा. इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं आणि ते हिवाळाभर पडून राहिलं की कार्ब्युरेटरच्या बारीक भोकांत चिकट थर धरतं. ते साफ करून घ्यायला १०० ते १५० डॉलर लागतात, आणि मेमोरियल डेच्या आधीच्या आठवड्यात कुठल्याही मेकॅनिककडे रांगच असते.